दिगूचा हात

मागच्या महिन्यात माझी खालची एक दाढ काढावी लागली. दादरच्या ज्या दवाखान्यात ती काढली, तिथली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची आहे. तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला, माझा जबडा राखाडी रंगात गोल फिरवून दाखवला आणि म्हणाली, "काका, घाबरू नका. आता सगळं आधी कॉम्प्युटरवर ठरतं. स्क्रू कुठे जाणार, किती खोल, कुठल्या कोनात. मग त्यावरून प्लास्टिकची एक पट्टी बनवून घेतो. तिला भोक असतं, ड्रिल त्या भोकातूनच खाली जातं. इकडेतिकडे जायचा प्रश्नच नाही."

"माहीत आहे," मी म्हणालो. "हिरडीजवळ काळी रेघ दिसते का, तेवढं नीट बघा."

"तुमचे बाकीचे दात आहेत ना काका, पट्टी दातांवर बसेल. ज्यांना एकही दात नसतो, त्यांचं तसं बघावं लागतं. तुम्ही डेंटिस्ट आहात?"

"नाही. मी अकाउंट्सला आहे."

"मग काळी रेघ कुणी सांगितली?"

"एक होता ओळखीचा," म्हणून मी विषय संपवला. दिगूचं नाव घेतलं नाही. माझ्या तोंडून ते सहज निघत नाही. कारण सरळच लिहितो: मला दिगूचा मत्सर वाटतो. शाळेत असल्यापासून वाटतो. वयाबरोबर अशा गोष्टी निवळतात म्हणतात. माझी निवळलेली नाही.

डॉ. दिगंबर सातार्डेकर. लालबागच्या आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. दोन्ही घरं वेंगुर्ल्याकडची, दोन्ही बाप गिरणीत, दोन्ही मुलगे एका वर्गात. गणिताच्या पेपरला तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा आणि माझं बघून लिहायचा. उत्तर बरोबर, मधल्या पायऱ्या गायब. बाई पेपर हातात घेऊन विचारायच्या, "हे कसं आलं रे?" तो हसून म्हणायचा, "आलं बाई!" आणि बाईसुद्धा हसायच्या. मी सगळ्या पायऱ्या लिहिलेल्या असत. मला पूर्ण मार्क मिळत. हसणं मिळत नसे.

हसताना त्याचा पुढचा एक दात अर्धा दिसे. सोड्याची बाटली दाताने उघडताना लहानपणीच तुटलेला. पुढे स्वतः दातांचा डॉक्टर झाला तरी त्याने तो कधी नीट केला नाही. पेशंट विचारत, "डॉक्टर, तुमचाच दात असा?" तो म्हणायचा, "मग माझ्यावर विश्वास ठेवायला तुम्हाला काहीतरी धाडस नको?" दुसऱ्या कुणी असलं बोलून दाखवलं असतं तर पेशंट उठून गेला असता.

माझे वडील विणाईखात्यात जॉबर होते. म्हणजे माग बिघडला की नीट करून चालू करणारे. पण चाळीत आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत त्यांना ओळखत ते तात्या बुवा म्हणून. आमच्या कोकणातल्या डबलबारीत दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, गाण्यातूनच एकमेकांना सवाल टाकतात आणि गाण्यातूनच जबाब देतात. बाबा सवाल टाकायला उठले की समोरचा बुवा आधी पाणी मागायचा. घरात हा माणूस फार बोलत नसे. जे काय होतं ते गळ्यात होतं.

मला ताल कळत नाही. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, एखाद्याला रंग ओळखता येत नाहीत तसं ते आहे. मी सात-आठ वर्षांचा असताना बाबांनी एकदा भजनात माझ्या हातात झांज दिली. एक गजर झाला आणि त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. रागावले नाहीत, काही बोललेसुद्धा नाहीत. काढली आणि शेजारी बसलेल्या दिगूच्या हातात दिली. पुढे झांजेवरून तो पखवाजावर गेला. दहावीत असताना तो बाबांच्या मागे बसून साथ करायचा. भजन संपल्यावर बाबा त्याचा उजवा हात धरून लोकांना दाखवायचे. "हात हो असो व्हयो," म्हणायचे. हात असा हवा. मी तिथेच सतरंज्या गोळा करत असायचो.

मग मी माझ्याकडे जे होतं त्यावर भर दिला. मला आकडे येत. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत अकाउंट्सला लागलो. चाळ जाऊन इमारत झाली, तेव्हा कागदपत्रांची सगळी धावपळ मी केली. आई गेल्यावर बाबांची औषधं, तपासण्या, रोजचं ब्लड प्रेशर हे सगळं मी पाहिलं. बाबा दंड माझ्यापुढे करायचे, फुगा फुगायचा, आकडा यायचा, बाबा बाही खाली करायचे. मला त्यांच्याकडून एकदा "बरं केलंस" एवढं ऐकायचं होतं. त्याहून मोठी माझी काही मागणी नव्हती आणि ती रास्त होती, असं मला आजही वाटतं.

दिगूचा दवाखाना परळला एका गल्लीत होता, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. खाली पट्टा सुरू झाला की वर टेबलावरचा काचेचा पेला बारीक वाजायचा. नवे पेशंट दचकायचे, दिगू सांगायचा, "घाबरू नका, हे आपलं मशीन नाही. ज्वारी आहे." दुखतं कुठे, हे तो कधी पहिल्यांदा विचारत नसे. पहिला प्रश्न, "काय खाता येत नाही?" त्यावरूनच पेशंटची नावं पडायची. चिक्कीच्या बाई. उसाचे काका. एक निवृत्त न्यायाधीश होते, ते त्याच्या लेखी सुका बोंबील होते. आणि कुणाच्याही तोंडात हात घालण्याआधी, हातमोजे चढवण्याआधी, तो दोन्ही तळवे पेशंटसमोर धरायचा. जेवायला बसताना लहान मूल आईला धुतलेले हात दाखवतं तसे. पेशंटने मान हलवली की मगच पुढे. मी एकदा म्हणालो, "नाटकी आहेस." तो म्हणाला, "असेन. पण अजून कुणी मान आडवी हलवली नाही."

बाबांचे दात एकेक करत गेले. तंबाखू, मशेरी, कारणं नेहमीचीच. वरची कवळी ठीक बसली. खालची बसेना. खालच्या जबड्याचं हाड झिजून गेलं होतं, कवळीला धरायला काही उरलंच नव्हतं. बोलताना ती उचलली जायची. कुर्लीची, म्हणजे खेकड्याची, नांगी फोडणं तर सोडाच, बाबा भाकरी आमटीत बुडवून, भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. आणि मग त्या वर्षी गणपतीत भजनाला बसले असताना, गजर वर चढवताना खालची कवळी सुटून तोंडातच आडवी झाली. शब्द गेला. बाबांनी तोंडावर उपरणं धरलं आणि उठून घरी आले. त्यानंतर गाणं बंद. कुणी बोलवायला आलं तर "घसो बसलो" म्हणून सांगायचे.

मी चांगल्या मोठ्या हॉस्पिटलांत चौकशी केली, तीन ठिकाणचे सल्ले घेतले, त्यांची तुलना केली आणि एके रविवारी बाबांसमोर बसून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"दिगू काय म्हणता?" त्यांनी विचारलं.

मी दिगूला विचारलंच नव्हतं. मुद्दाम नव्हतं विचारलं.

दिगू म्हणाला, "खालच्या जबड्यात चार स्क्रू घालू. टायटॅनियमचे. हाडात रुजले की कवळी त्यांच्यावर टक् करून बसेल, टिचबटणासारखी. मग तात्या गाऊ देत, नाहीतर नारळ सोलू देत." पैशांचं मी चोख केलं, तो विषय इथे नको.

बाबांना एकच गोष्ट पटत नव्हती. दिगूने कॉम्प्युटरवर आखणी करायचं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले. "कॉम्पुटर कशाक? तू हातान कर. तुझो हात माका म्हायत आसा."

"हात माझोच असतलो, तात्यानू," दिगू म्हणाला. "कॉम्पुटर फक्त झांज धरतलो. पखवाज मीच वाजवतलंय."

बाबा लगेच मागे टेकले. हीच गोष्ट मी त्यांना रविवारी पाऊण तास समजावली होती.

काम असं होतं. आधी खालची नवी, नेमकी बसणारी कवळी करायची. तिच्यावर साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके लावायचे. ती तोंडात घालून जबड्याचा स्कॅन काढायचा, मग नुसत्या कवळीचा वेगळा स्कॅन. ठिपक्यांवर ठिपके जुळवले की पडद्यावर हाड आणि कवळी एकत्र दिसतात, आणि स्क्रू कुठे जाणार ते ठरवता येतं. शेवटी त्याच कवळीच्या आकाराची, चार भोकं असलेली पट्टी बनून येते आणि ऑपरेशनच्या वेळी हिरडीवर बसते. शनिवारी दिगूने नवी कवळी बाबांच्या तोंडात घालून, दाबून, हलवून पाहिली. एकदम घट्ट होती. सोमवारी मी बाबांना दादरला नेऊन स्कॅन काढून आणला.

आखणीच्या दिवशी दिगूने मला दवाखान्यात बोलावलं. "ये, तुला आवडेल. सगळे आकडेच आहेत." खरंच होते. पडद्यावर बाबांचा जबडा होता. हाडाच्या आत नस नारिंगी रेघेने आखलेली होती. ही नस दुखावली तर खालचा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो, दिगूने सांगितलं. "आपल्याला दुखावता येणार नाही. बुवाचा ओठ आहे." मग तो एकेक स्क्रू माऊसने उचलून हाडात ठेवू लागला. नसेपासून अंतर किती, बाहेरच्या कडेला हाड किती उरतं. अर्धा मिलिमीटर इकडे, पाव मिलिमीटर तिकडे. मी आकडे टिपत होतो, बेरजा जुळत होत्या. लहानपणी वाटणी सरळ झाली होती: हात त्याचे, गळा बाबांचा, आकडे माझे. आता माझं बघून लिहिणारा हा माणूस माझ्याच बापाचं हाड पाव मिलिमीटरने मोजत होता आणि एकही पायरी गाळत नव्हता.

"सगळं जुळतंय," मी म्हणालो. "पाठवून दे पट्टीच्या ऑर्डरला."

दिगूने चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. कवळी आणि हिरडी यांच्यामध्ये, उजव्या बाजूला, केसासारखी एक काळी रेघ होती.

"ही हवा आहे," तो म्हणाला. "इथे हवा कुठून आली? शनिवारी इथे नख जात नव्हतं."

"पण आकडे तर बरोबर आहेत."

"आकडे बरोबरच आहेत, पक्या. पण कवळी जागेवर नाही. मग हे आकडे आहेत कशाचे?"

तीस वर्षं मी ऑफिसात पोरांना हेच सांगत आलो होतो, की बेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असं नाही. आणि त्या दिवशी ते मला दिगूने सांगितलं. त्याने कॉम्प्युटर बंद केला, चपला घातल्या आणि म्हणाला, "चल, तात्यांकडे."

बाबा खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. दिगू खाली लादीवरच बसला. "काय जेवलात?" वगैरे झालं. मग त्याने नवी कवळी मागून घेतली आणि डोळे मिटून तिच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं. उजवीकडे आल्यावर बोट थांबलं.

"तात्यानू, कानस वापरलास काय?"

बाबांनी रेडिओ बंद केला.

"कानस नाय," बाबा म्हणाले. "काचपेपर. बारीक."

सगळा उलगडा झाला. रविवारी कवळी उजवीकडे टोचायला लागली होती. साऱ्या आयुष्यात यंत्राचा कुठलाही भाग टोचला, अडला की बाबांनी तो स्वतः घासून बसवला होता. त्यांनी पेटीतून काचपेपर काढला, गॅलरीत बसले आणि कवळी आतून घासली. टोचणं थांबलं. सोमवारी तीच घालून ते माझ्याबरोबर स्कॅनला आले. रस्ताभर एक अक्षर बोलले नाहीत.

माझा तोल गेला. "बाबा, अहो काय हे! किती खर्च, किती खटपट, आणि तुम्ही—"

दिगूने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. मी गप्प झालो. माझ्या घरात, माझ्या बापासमोर, त्याने हात वर केला आणि मी गप्प झालो.

"फोन कशाक नाय केलास?" त्याने बाबांना विचारलं.

"एवढ्याशा कामाक तुझो टाइम कशाक खाऊ? ह्यां माका येता."

"येता ता दिसताच," दिगू म्हणाला. कवळी उजेडात धरून त्याने ती तिरकी केली. "घासलास मात्र झकास. आमच्या लॅबवाल्याचो हात असो बसत नाय. एक ओरखडो नाय." आणि मग हसू न आणता म्हणाला, "पण आता ती फुकट गेली. परत नवी करूक व्हयी. ती टोचली तर काचपेपर घेवन दवाखान्यात येवा. मी खुणा करतंय, तुम्ही घासा."

बाबा लाजले. खरंच लाजले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांचा असा चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता.

आणि नवी कवळी आली तेव्हा दिगूने शब्द पाळला. बाबा पिशवीत काचपेपर घेऊन परळला गेले. दिगूने निळ्या पेन्सिलीने कवळीवर टोचण्याची जागा दाखवली, बाबांना आपल्या स्टुलावर बसवलं आणि म्हणाला, "एवढीच. एक फेरो जास्त नको." बाबा घासत होते, खाली पिठाची गिरणी चालू होती, दिगू शेजारी उभा राहून बघत होता. बाहेर दोन पेशंट ताटकळत होते. बाबांनी मला त्यांच्या पेटीतला साधा पान्हासुद्धा कधी धरू दिला नव्हता. "तुका लागात," म्हणायचे. तुला लागेल. मी दारात उभा राहून हे सगळं पाहिलं आणि मग खाली जाऊन उगाचच दळणाचा भाव विचारला.

दुसऱ्या स्कॅनमध्ये काळी रेघ नव्हती.

ऑपरेशनच्या दिवशी मला दाराशी उभं राहायची परवानगी होती. दिगूने तळवे दाखवले, बाबांनी मान हलवली. सुया टोचल्या. पारदर्शक पट्टी हिरडीवर बसली. दिगूने तिच्या दोन टोकांवर दोन बोटं ठेवली, आळीपाळीने दाबली. "हलत नाही," तो म्हणाला. मग पुन्हा दाबली. "हलत नाही." त्यानंतर जे झालं ते दिसायला अगदीच साधं होतं. सिस्टर ड्रिल हातात देताना त्याचा नंबर वाचायची, दिगू तो मोठ्याने म्हणायचा, मगच हातात घ्यायचा. ती वाचणार, हा म्हणणार, मग काम. ड्रिल पट्टीच्या भोकात जाई आणि ठरल्या खोलीला आपोआप अडे.

नंबर वाचायचा, म्हणून दाखवायचा, मगच पुढे जायचं. आमच्या ऑफिसात ताळेबंद तपासताना आम्ही हेच करतो. ऑपरेशन झाल्यावर तो हात धूत असताना मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "अरे, तुझीच पद्धत ती. गॅलरीत पाढे घोकताना तू मला म्हणायला लावायचास. मी अर्धवट म्हटलं की परत पहिल्यापासून. तेव्हा जाम राग यायचा तुझा."

त्याला वाटलं, मला आनंद होईल. माझ्या मनात आलं ते असं, की माझ्याजवळ एवढी एक गोष्ट होती आणि तीही त्याच्या हातात जास्त शोभते आहे.

तीन-चार महिन्यांनी स्क्रू रुजले आणि कवळी त्यांच्यावर टक् करून बसली. बाबा दिवसभर ती काढत आणि घालत होते, टक्, टक्. त्या रविवारी मी पहाटे कफ परेडच्या मच्छीमार नगरात गेलो. कुर्ल्या हातात तोलून, भरलेल्या बघून घेतल्या. बायकोने खोबऱ्याचं वाटप घालून रस्सा केला. बाबा या खेपेला भिंतीकडे नाही, आमच्याकडे तोंड करून बसले. नांगी दाढेत धरली. कडकन आवाज आला. त्यांनी डोळे मिटले, चावलं, चोखलं, टरफल ताटाच्या कडेला ठेवलं. मी वाट बघत होतो.

"दिगूक फोन लाव," ते म्हणाले.

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन माझ्या ताटात रस्सा वाढला. मी फोन लावला. बाबांनी तो कानाला नाही, तोंडाजवळ धरला आणि दुसरी नांगी फोडली. पलीकडून दिगूचं हसणं मला ऐकू आलं.

त्या गणपतीत बाबा परत गायला बसले. मागे पखवाजावर दिगू. दवाखाना लवकर बंद करून आला होता. बाबांनी गजर वर नेला, ज्या जागी मागे शब्द गेला होता ती जागा आली आणि शब्द स्वच्छ पडला. पखवाजावर अशी थाप पडली की बायका उठून उभ्या राहिल्या. मी सतरंजीच्या कडेला बसलो होतो. मला आनंद झाला होता, हे लिहायला हवं. खूप झाला होता. पण त्या आनंदात माझा भाग किती, ते मी मोजत होतो. माझ्या स्वभावाला इलाज नाही.

बाबा त्यानंतर दोन गणपती गायले आणि एका दुपारी झोपेत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्थी गोळा करायला आम्ही चारपाच जण स्मशानात गेलो. दिगू आधीच येऊन उभा होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. तिथल्या माणसाने राख बाजूला सारली, अस्थी माझ्या हातातल्या मडक्यात घातल्या. मग तळहातावर काहीतरी घेऊन म्हणाला, "साहब, ये हड्डी में से निकला. रॉड डाला था क्या?"

तीन स्क्रू होते. निळसर, काळपट पडलेले, पण एकही आटा झिजलेला नव्हता. कवळी आम्ही आधीच काढून घेतली होती. जबड्यातल्या स्क्रूंची मला आठवणच राहिली नव्हती. माझ्या बापाचं सगळं जळून गेलं होतं आणि दिगूने घातलेलं तेवढं शिल्लक होतं.

दिगूने ते हातात घेतले. "चार होते," म्हणाला. आणि तसाच, त्या पांढऱ्या शर्टात, राखेपाशी उकिडवा बसला. बोटांनी राख अगदी हलकेच चाळू लागला.

"राहू दे रे," मी म्हणालो.

"चार होते," तो परत म्हणाला.

मी त्याच्याजवळ बसलो. बाकीचे लांब नळाकडे गेले होते. इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं मी विचारून टाकलं. "दिगू, बाबा तुझ्याकडे तासन्‌तास असायचे. माझ्याबद्दल कधी काही बोलायचे का?"

दुसरा कुणी असता तर अशा वेळी काहीतरी चांगलं बनवून सांगितलं असतं. मी ते मानूनही घेतलं असतं. दिगूचा हात राखेत थांबला. त्याने आठवून पाहिलं. प्रामाणिकपणे आठवून पाहिलं, मला दिसत होतं.

"तोंड उघडं असायचं रे त्यांचं," तो म्हणाला. "बोलणार कसे?"

मला हसू आलं. बापाच्या राखेपाशी बसून मी हसलो आणि दिगूही तो अर्धा दात दाखवून हसला. दोघांचेही डोळे वाहत होते. मग त्याचं बोट कशाला तरी लागलं. त्याने चौथा स्क्रू काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, चारही माझ्या हातात ठेवले आणि माझी मूठ बाहेरून मिटली.

"धर. तुझ्या वडलांचे आहेत."

पुढच्या वर्षी त्याने दवाखाना विकला आणि वेंगुर्ल्याला राहायला गेला. तिथे आठवड्यातून काही दिवस तो लोकांचे दात बघतो, असं ऐकतो. फोन करत नाही. मीही करत नाही. दादरच्या त्या मुलीने माझी पट्टी मागवली आहे. दाढेच्या रिकाम्या जागी जीभ सारखी जाते, आणि वेंगुर्ल्याला जावं असं मनात येतं. मग ते तळवे माझ्यासमोर धरलेले दिसतात, आणि मान हलवायला माझं मन होत नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी, स्मशानाच्या फाटकातून बाहेर जाताना. शर्टाला राख लागली होती. डावा हात खिशात होता. उजव्या हाताची बोटं चालता चालता मांडीवर पडत होती, हलकी, मग जड, मग दोन हलकी. बाबांच्या गजराचा ठेका होता तो. तेवढा मला ओळखता आला. चारही स्क्रू मुठीत धरून मी तो मांडीवर वाजवून बघितला. जमला नाही.